वाद्यवृंदाचा नायक आणि गावाचा आधार

यंदाच्या व्याख्यानमालेत आम्ही ‘कंडक्टर आणि समाज’ या विषयावर बोलणार, असे फलकावर लागले, त्या दिवशी एस. टी. स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात एका ओळखीच्या वाहकाने आम्हाला हाक मारली. “आण्णा, आमच्या पगाराचा प्रश्न शेवटी व्याख्यानात घेतलात, फार बरे झाले,” तो म्हणाला. आमचे सारे आयुष्य कामगार संघटनेत गेलेले, तेव्हा त्याचा समज अगदीच अकारण नव्हता. आम्ही त्याला सांगितले, की आमचा हा कंडक्टर निराळा. तो तिकिटे देत नाही. पन्नास-शंभर वादकांपुढे हातात बारीकशी काडी घेऊन उभा राहतो. त्यावर वाहकाने विचारले, “मग त्याची गाडी चालते कशावर?”

प्रश्न थट्टेचा होता. पण आम्हाला वाटते, या विषयातला खरा प्रश्न तोच आहे. आम्ही संगीतशास्त्राचे जाणकार नाही. आमचे शिकणे वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु पुष्कळ माणसे एकत्र काम करतात, त्यांचा एक पुढारी असतो आणि त्या साऱ्यांचे पोट समाजाच्या पाठिंब्यावर अवलंबून असते, ही गोष्ट आम्हाला जवळून ठाऊक आहे. त्या ओळखीच्या बाजूनेच आम्ही हा विषय मांडणार आहोत.

प्रथम हा माणूस करतो काय, ते पाहू. पश्चिमेकडील मोठ्या वाद्यवृंदात ऐंशी ते शंभर वादक असतात. प्रत्येकापुढे फक्त आपल्या वाद्यापुरते स्वर लिहिलेले असतात. सबंध रचना एकट्या नायकापुढे असते. लय किती ठेवायची, कोणी केव्हा सुरू करायचे, कोणाचा आवाज दाबायचा आणि कोणाचा वर आणायचा, हे तो हाताने दाखवतो. पूर्वी संच लहान असत, तेव्हा एखादा व्हायोलिनवाला किंवा पेटीवाला वाजवता वाजवताच खूण करी. फ्रान्सच्या राजाचा संगीतकार लुली हा तर जड काठी जमिनीवर आपटून लय दाखवी. १६८७ साली ती काठी त्याच्याच पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली आणि तो त्यातच गेला. पुढे एकोणिसाव्या शतकात संच वाढले आणि स्वतः काहीच न वाजवणारा, केवळ चालवणारा माणूस आवश्यक ठरला.

येथेच अडचण सुरू होते. वादकांना खूण दिसावी म्हणून हा माणूस त्यांच्याकडे तोंड करून उभा राहतो. म्हणजे श्रोत्यांकडे त्याची पाठ होते. आपल्याकडे असे कधी नव्हते. कीर्तनकार बुवा चिपळ्यांनी आणि हाताच्या इशाऱ्याने टाळकरी, पेटीवाला, मृदंगी यांना चालवतात, पण त्यांचे तोंड सभामंडपाकडे असते. शाहिराच्या मागे झीलकरी असतात; तो डफावर थाप मारून त्यांना उठवतो, पण बोलतो लोकांशी. धनगरांच्या गजी नृत्यात तर ढोलवाले आणि नाचणारे एकाच मेळ्यातले असतात आणि सारा गाव भोवती उभा असतो. तेव्हा आम्ही आज जे सांगणार आहोत ते आपल्या बुवांना सांगण्याची गरज नाही. पाठमोऱ्या नायकाला मात्र श्रोत्यांशी नाते जोडण्यासाठी मुद्दाम खटपट करावी लागते.

ही खटपट न करून त्याचे भागत नाही, कारण त्याचा हिशेबच तसा आहे. विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली हा हिशेब एका पुस्तकात मांडला. आमच्या भाषेत तो असा: गिरणीत नवे यंत्र आले की तेवढाच कामगार दिवसाला अधिक कापड काढतो, त्यामुळे मजुरी वाढली तरी कापडाचा दर तितका वाढत नाही. पण बेथोव्हेनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली, तेव्हा तिला जेवढी माणसे लागली आणि जो अर्धा तास लागला, तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ आजही लागतो. वादकांची घरे मात्र आजच्या भावाने चालवायची असतात. म्हणून खर्च आणि तिकिटांचे उत्पन्न यांतली खाच दरवर्षी रुंदावते. ती कोणी तरी भरावी लागते. पूर्वी राजे भरत. पुढे कोठे सरकार भरते, कोठे धनिक भरतात. परंतु एकट्याने भरणाऱ्याचे मन फिरले, की संच बसला. युनियनचेही असेच असते. एका दात्याच्या देणगीवर उभारलेली युनियन आम्ही दोन वर्षांत मोडलेली पाहिली आहे, आणि महिन्याच्या किरकोळ वर्गणीवर चाललेली युनियन तीस वर्षे टिकलेलीही पाहिली आहे.

हे ज्याला पुरते उमगले असा एक नायक मँचेस्टरला होऊन गेला. चार्लस् हॅले हा मूळचा जर्मन. तो १८४८ साली मँचेस्टरला आला. शहर सूतगिरण्यांचे, धुराचे, मजुरांचे. तेथे १८५८ च्या जानेवारीत त्याने स्वतःच्या जबाबदारीवर नियमित मैफली सुरू केल्या आणि गरिबाला परवडतील अशी स्वस्त तिकिटे मुद्दाम ठेवली. पहिल्या हंगामात तीस मैफली झाल्या. अखेर हिशेब झाला तेव्हा नफा भरला अडीच शिलिंग, म्हणजे मैफलीमागे एक पेनी! हॅलेने ते पैसे हसून घेतले आणि पुढचा हंगाम जाहीर केला. १८९५ साली तो वारला. पण संच मोडला नाही. शहरातल्या लोकांनी हमी घेतली, १८९९ मध्ये रीतसर संस्था केली आणि त्याच्या नावाचा तो वाद्यवृंद आजही चालू आहे. माणूस गेल्यावर काय उरते, ही आमच्या मते कोणत्याही पुढाऱ्याची खरी परीक्षा होय.

या मँचेस्टरशी आपल्या मुंबईचा एक धागा जुळतो. मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ साली ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. त्यात गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, हौशी पारशी होते, युरोपातून जीव घेऊन आलेले ज्यू निर्वासित होते, नौदलाच्या बँडमधले लोक होते. पोटासाठी कोणी हॉटेलात वाजवी, कोणी चित्रपटाच्या स्टुडिओत. उरलेल्या वेळात तालमी होत. एवढ्या जिद्दीने उभे केलेले काम, पण त्याचा श्रोतृवर्ग मुंबईच्या एका लहानशा वर्तुळातला होता. गिरणगावात त्याचे नाव पोहोचले नव्हते. पन्नास सालानंतर मेहता परदेशी गेले आणि संचाला टिकाऊ पाया राहिला नाही. पुढे काही वर्षे ते मँचेस्टरला, त्याच हॅलेच्या वाद्यवृंदात वादक म्हणून बसले. तेथून ते अमेरिकेत गेले आणि १९६४ साली लॉस एंजेलिसला त्यांनी तरुण वादकांचा संच काढला. त्या संचाच्या मैफली विनामूल्य असत. वयाच्या नव्वदीपर्यंत ते तो चालवीत होते. पैशाच्या ओढाताणीमुळे अलीकडे तोही बंद पडला. पण जवळपास साठ वर्षे टिकला, आणि तिथे शिकलेले वादक जगभर पसरले आहेत.

दुसरे उदाहरण मूळचे गोव्याचे. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातले अँथनी गोन्साल्विसचे गाणे आपल्या लग्नाच्या वरातीत शंभरदा वाजले असेल. तो अँथनी गोन्साल्विस खरा होता, हे मात्र थोड्यांना ठाऊक आहे. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीत-संयोजक होते. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य; त्यांनीच गुरूचे नाव त्या गाण्यात अमर केले. १९५८ साली गोन्साल्विस यांनी सुमारे शंभर वादक जमवून आपले राग पाश्चात्य वाद्यवृंदातून मांडण्याचा प्रयत्न केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांच्याबरोबर गायले. कल्पना मोठी, माणसे मोठी. पण मागे कायमचा आधार नव्हता. तो उद्योग टिकला नाही आणि १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेला निघून गेले. त्यांच्या नावावर सारा देश नाचतो. पण त्यांचा वाद्यवृंद जगवायला त्या देशात कोणी नव्हते!

मग हा आधार मिळवायचा कसा? अनेकांचे चरित्र वाचून आणि थोडा स्वतः अनुभव घेऊन आम्हाला पाच गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, तोंड फिरवून बोलणे. न्यूयॉर्कचे नायक लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९५८ ते १९७२ पर्यंत मुलांसाठी मैफली केल्या आणि त्या दूरदर्शनवरून घरोघरी दाखवल्या गेल्या. ते वाद्यवृंदाकडे पाठ करून मुलांशी बोलत. सूर म्हणजे काय, हे वाद्य असेच का वाजते, हे गमतीने सांगत, आणि मग वळून तेच वाजवून दाखवीत. न समजणारा श्रोता टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. ज्याला थोडे समजले, तो पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येतो.

दुसरी गोष्ट, दार उघडे ठेवणे. मेहली मेहतांचे चिरंजीव झुबिन मेहता यांचे नाव जगात गाजले. ७ सप्टेंबर २०१३ रोजी त्यांनी श्रीनगरच्या शालिमार बागेत जर्मनीच्या बव्हेरियन वाद्यवृंदाची मैफल केली. काश्मिरी वादकही त्यात बसले होते. हेतू चांगला, पण प्रवेश निमंत्रितांना, भोवती कडेकोट पहारा आणि शहरात बंद. त्याच दिवशी श्रीनगरातल्या काही लोकांनी निषेध म्हणून आपली वेगळी मैफल भरवली. पुढच्या खेपेस मोठ्या मैदानात साऱ्यांसाठी वाजवावे, अशी इच्छा खुद्द मेहतांनीच बोलून दाखवली. एवढा थोर नायकही दार बंद असेल तर लोकांपर्यंत पोहोचत नाही.

तिसरी गोष्ट, ठरलेली वेळ. याचे उदाहरण आपल्या उंबऱ्यावरचे आहे. आपल्या तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेले ग. दि. माडगूळकर आणि कोल्हापूरचे सुधीर फडके यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला सुरू झाले. आठवड्याला एक नवे गीत, ठरलेल्या सकाळी, ठरलेल्या वेळी. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीतांची संख्या छप्पन्न झाली. गीतांचे शब्द पुण्याची वृत्तपत्रे छापू लागली. लोक रेडिओला हार घालून ऐकत, असे वडीलधारी माणसे सांगत. त्या गीतांची थोरवी सर्वमान्य आहेच. पण वर्षभर न चुकता पाळलेल्या त्या वेळेने श्रोत्यांना सवय लावली, हेही विसरू नये. तसेच औंधचे. आटपाडी ज्या औंध संस्थानात होती, तेथे अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली गुरूंच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू केला. तो आजही होतो आणि त्याला तिकीट नाही.

चौथी गोष्ट, मुले. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले आणि मिरजेत शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर वाद्यवृंदाचे नायक नव्हते. पण संगीत दरबारातून उठवून समाजाच्या हाती देण्याचे काम त्यांच्याइतके कोणी केले नाही. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते राजाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या मदतीवर. पुढे मुंबईत मोठी इमारत बांधली आणि ती कर्जापायी गेली. बुवा १९३१ साली मिरजेत वारले. इमारत गेली, पण शिष्य राहिले, आणि त्या शिष्यांनी काढलेले गांधर्व महाविद्यालय मंडळ आज गावोगाव परीक्षा घेते. ज्या घरातले पोर शिकते, ते घर आपोआप त्या विद्येचे होते.

पाचवी गोष्ट, सुखदुःखात हजर असणे. इंग्लंडच्या कोळसा खाणींत कामगारांचे ब्रास बँड असत. अनेक ठिकाणी खाणकामगारांच्या पगारातून त्यासाठी किरकोळ वर्गणी कापली जाई. बँड खाणीच्या मिरवणुकीत असे, तसाच अपघातात मेलेल्याच्या अंत्ययात्रेतही असे. यॉर्कशायरमधल्या ग्राइमथॉर्प खाणीचा बँड १९१७ सालचा. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने अनेक खाणी बंद करण्याचे जाहीर केले, त्यात ही खाणही होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत या बँडने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९९३ साली खाण बंद पडली. बँड मात्र आजही वाजतो आहे.

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो, कारण वरचे सारे आम्ही त्या चुकीनंतर वाचले.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका बँडचे मास्तर काही वादकांना घेऊन आमच्याकडे आले. सोळा जणांचा संच. क्लॅरिनेट, ट्रंपेट, ढोल, ताशा. लगीनसराईत कमाई, पावसाळ्यात मजुरी. काही जण ऊसतोडीला जाणारे. एका बड्या घरच्या वरातीत त्यांना पहाटेपर्यंत वाजवायला लावले होते आणि ठरलेल्या सुपारीतले निम्मे पैसे बुडवले होते. आमचे रक्त तापले. आम्ही दरपत्रक केले: निम्मा इसार आधी, रात्री बारानंतर जादा मजुरी, करार लेखी. आम्हाला वाटले, एक मोठे काम झाले. त्या वैशाखात मास्तरांना चारच सुपाऱ्या मिळाल्या. बाकीच्यांनी सरळ डॉल्बी आणली. मागणी न्याय्य होती. पण तिच्या बाजूने बोलायला गावात कोणी नव्हते.

तेव्हा आम्ही मास्तरांना विचारले, “मास्तर, उद्या तुमचा बँड बंद पडला, तर गावात कोणाला वाईट वाटेल?”

मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आण्णा, आमच्या घरच्यांना वाटेल.”

तीस वर्षे हा माणूस गावाच्या प्रत्येक आनंदात वाजवत होता, पण गाव त्याला ओळखत नव्हते. वरातीपुढे त्याचे तोंड सोळा जणांकडे आणि पाठ लोकांकडे, शिवाय अंगावर दुसऱ्याच कोणाच्या थाटाचा लाल कोट.

मग आम्ही सर्वांनी बसून ठरवले, की दर पौर्णिमेला संध्याकाळी तासभर शाळेच्या पटांगणावर वाजवायचे. सुपारी नाही, तिकीट नाही. मास्तरांनी प्रत्येक गाण्याआधी वळून चार शब्द बोलायचे, ही अट आम्ही घातली. पहिल्या पौर्णिमेला चाळीस-पन्नास माणसे होती आणि मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे केले, पत्ती काढून दाखवली आणि ही पत्ती ओली का करायची ते सांगितले. पोरे पुढे सरकली. तिसऱ्या-चौथ्या पौर्णिमेला एका आजीबाईंनी विचारले, की माझ्या लग्नात वाजवणारे ते तुमचे वडील का? ते वडीलच निघाले. वर्षअखेरीस साठेक घरे महिन्याला दहा रुपये देऊ लागली. हिशेब वही शाळेतल्या एका बाईंकडे असते आणि ती कोणालाही पाहता येते.

या पैशांत बँड चालतो, असे आम्ही सांगणार नाही. वाद्यांची दुरुस्ती भागते, दोन मुलांच्या शिकवणीला चहा-पाणी होते, एवढेच. डॉल्बीही गेलेली नाही. परंतु तिसऱ्या वर्षी संचातला ढोलवाला आजारी पडून दवाखान्यात होता, तेव्हा आम्ही युनियनची पावतीपुस्तके घेऊन निघालो, तर आमच्या आधीच पेठेतल्या काही जणांनी पैसे गोळा केलेले होते. आम्ही कोणाला सांगितले नव्हते. आणि पुढच्या लगीनसराईत ज्यांनी सुपारी दिली, त्यांपैकी बहुतेकांनी इसार न मागता दिला आणि दरावर घासाघीस केली नाही. आमचे ते जुने दरपत्रक तेव्हा कोठे लागू झाले.

मुंबईत २००६ पासून राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचा सिंफनी वाद्यवृंद आहे. त्याचे नायक मोठे, वादक जगभरचे. आमचे मास्तर त्यांच्या पंक्तीत बसणार नाहीत. पण दोघांपुढचा प्रश्न एकच आहे: आपण थांबलो तर कोणाला चुकल्यासारखे वाटेल? त्याचे उत्तर हंगाम संपल्यावर शोधून मिळत नाही. प्रत्येक मैफलीला थोडे थोडे मिळवावे लागते. आणि हे काम एकट्या नायकाचेही नाही. तो वळून आपल्याकडे पाहील, तेव्हा आपण तेथे असायला हवे.

त्या एस. टी.तल्या मित्राला आम्ही हेच उत्तर दिले: त्याची गाडीही तुझ्यासारखीच, गावच्या उतारूंवर चालते. त्याने मान हलवली आणि आमच्या पगारावर मात्र पुढच्या वर्षी बोला, असे बजावले. ते आम्ही मान्य केले आहे.

येत्या पौर्णिमेला संध्याकाळी सहा वाजता मास्तर शाळेच्या पटांगणावर आहेत. मुलांना घेऊन यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.